भुवया वर, श्वास आत

२ सप्टेंबर, सोमवार
उत्तर स्वीडनमधल्या शेलेफ्तेओत पोहोचलो. वसतिगृह, खोली चौदा. आजपासून रोजनिशी.

इथले लोक अबोल असतात म्हणे. असोत बापडे. आम्ही ग्रीसमधल्या व्होलोसचे लोक तसेही तोंडापेक्षा भुवयांनी जास्त बोलतो. आई भुवया वर करते, मान जराशी मागे टाकते, 'त्स' करते. झालं. तो आमच्या घरातला शेवटचा नकार, त्यापुढे पेलोपिदास मामाचंही चालत नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला चेहरे वाचायला कुणी शिकवायची गरज नाही.

एक खड्डा आधीच बुजवलाय. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो आणि स्वीडिशमध्ये 'नेय' म्हणजे नाही. विमानात कॉफी हवी का विचारलं, मी 'ने' म्हणालो आणि कॉफीची गाडी पुढे गेली. एकदाच. दुसऱ्यांदा फसणाऱ्यातला मी नव्हे.

संकल्प. नाताळपर्यंत अस्खलित स्वीडिश. कमीत कमी वीस मित्र. आणि मुख्य म्हणजे प्राध्यापिका गुन्-ब्रिटच्या लाकडी पुलाच्या प्रोजेक्टमध्ये पुढच्या सत्राची जागा. माझ्यासारख्या एक्स्चेंजवर आलेल्यांसाठी एकच आहे, म्हणजे माझीच. मिळाली तर जूनपर्यंत इथे. नाही मिळाली तर नाताळात घरी आणि मग मामाचं टायरचं दुकान. मामाने माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवलीय. फिरती.

९ सप्टेंबर
बसवाल्याला विचारलं, कॉलेजला जाते का? त्याने भुवया वर केल्या आणि ओठ आवळून 'शुप' असा श्वास आत ओढला. नाही तर नाही. उतरलो. चार किलोमीटर चाललो. कॉलेजच्या दारात तीच बस उभी!

ऐनवेळी रस्ता बदलला असणार. व्यवस्थेचा एवढा गाजावाजा, आणि आत हे.

१५ सप्टेंबर
दुकानात बाईला विचारलं, ऑलिव्हचं तेल आहे का? भुवया वर, श्वास आत. एवढ्या मोठ्या दुकानात तेल नाही! बटाटे लोण्यात परतले. डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्यामुळे नव्हे.

संध्याकाळी शेजारच्या खोलीतल्या, आमच्याच वर्गातल्या हेनिंगच्या कपाटात तेलाची बाटली दिसली. कुठून आणली? म्हणे, त्याच दुकानातून, आज दुपारी. म्हणजे शेवटची बाटली यानेच उचलली. मी काही बोललो नाही. माझं मन मोठं आहे.

२ ऑक्टोबर
कपडे धुण्याच्या खोलीची वेळ आधी लावावी लागते. लावली होती. खात्री म्हणून हेनिंगला विचारलं, काल सहाची वेळ माझ्या नावावर लागली होती ना? हेनिंग इथून जवळच्याच बोदेन गावचा, दिवसाला अकरा शब्द बोलतो. त्याने श्वास ओढला फक्त. म्हणजे लागलीच नव्हती. बरं झालं काल गेलो नाही ते. पुढच्या मंगळवारचंही विचारलं. पुन्हा श्वास.

९ ऑक्टोबर
काल मोजे बेसिनमध्ये धुतले. आज धुण्याच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी: "खोली चौदाच्या प्रिय शेजाऱ्या, वेळ लावून दोनदा न येणं हे बरं नव्हे. बाकीच्यांनाही चादरी असतात. मैत्रीपूर्ण नमस्कार." खाली हसरा चेहरा काढलेला.

आधी वेळ द्यायची नाही, मग आला नाहीस म्हणून हसत हसत कान उपटायचे. चोराच्या उलट्या बोंबा. माझं डोकं जाम सणकलं. पण हसऱ्या चेहऱ्याशी भांडणार कसं?

१६ ऑक्टोबर
तुवा. आमच्या वर्गातली. माझ्या पुलाच्या मॉडेलचे खांब तिनेच धरून ठेवले होते, दोन तास, गोंद वाळेपर्यंत. अशा मुलीला जेवायला बोलवायला हवं. धीर करून विचारलं: शनिवारी सातला माझ्याकडे आमचा वांग्या-खिम्याचा मुसाका खायला येशील?

भुवया वर. श्वास आत. आणि वर हसली!

नकार देताना हसायचं काय? मीही हसलो. आतून पार चिरडलो.

२० ऑक्टोबर
काल संध्याकाळी खोलीत एकटं बसवेना, म्हणून हेनिंगबरोबर सौनात, म्हणजे इथल्या गरम वाफेच्या खोलीत गेलो. एक तास तो काहीच बोलला नाही. बरं वाटलं. नऊला परत आलो तर दाराच्या कडीला पिशवी. आत छोटी कुंडी आणि चिठ्ठी: "आठपर्यंत थांबले. काही हरकत नाही. तुवा."

म्हणजे नाही म्हणून बसली आणि मग पश्चात्ताप झाला! पण आता मी मागे लागणार नाही. माणसाला काही मान असतो. कुंडीला पाणी घातलं.

४ नोव्हेंबर
आज तुवा स्वतःहून शेजारी बसली. करवतीचा भुसा झटकत इकडचं तिकडचं बोलली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, व्होलोसला तुझी कुणी मैत्रीण आहे का रे? ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

शब्द अशा वेळी स्वस्त वाटतात. मी भुवया वर केल्या, मान मागे टाकली, 'त्स'. थेट आईच्या तोडीचा. ती "अच्छा" म्हणाली, टोपी कानांवर ओढली आणि गेली.

लाजली असणार. आठवडाभरात कळेलच.

११ नोव्हेंबर
आठवडा झाला. ती आता दुसऱ्या टेबलावर बसते. उजेड तिथे चांगला आहे हे खरं.

१२ नोव्हेंबर
आज सोक्षमोक्ष. गुन्-ब्रिटच्या केबिनमध्ये गेलो. इथे प्राध्यापिकेलाही नावाने हाक मारायची आणि अगं-तुगं करायचं. म्हणालो, गुन्-ब्रिट, खरं सांग, तुझ्या प्रोजेक्टमध्ये मला जागा आहे का?

भुवया वर. श्वास आत. आणि लगेच कॉम्प्युटरकडे वळली. एक शब्दही खर्च केला नाही. माझ्या मॉडेलवर हेनिंग उभा राहिला तरी ते मोडलं नव्हतं! त्याला काही किंमत?

आभार मानून बाहेर आलो. मामाला फोन केला की येतोय. तो इतका खूश झाला की मला रडू आलं. वसतिगृहाची खोली सोडत असल्याचा अर्जही देऊन टाकला. निर्णय घ्यायचा तर तडकाफडकी.

१८ नोव्हेंबर
गुन्-ब्रिटचा मेल. लांबलचक, स्वीडिशमध्ये, सोबत जोडलेली फाइल. मी सांत्वनाची पत्रं उघडत नसतो.

२५ नोव्हेंबर
हेनिंग दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, हे बघ, आमच्याकडे लोक असा श्वास घेतात ना, त्याचं... मी तिथेच थांबवलं. म्हटलं, मित्रा, माझी कीव करू नकोस, मला लोकांचे चेहरे वाचता येतात. तो म्हणाला, बरं. गेला.

मागून पुन्हा गुन्-ब्रिटचा मेल. विषयाच्या ओळीत 'आठवण'. जखमेवर मीठ.

१३ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी
लुसियाचा दिवस, इथला दिव्यांचा सण. विभागात मुली पांढरे झगे घालून, मेणबत्त्या घेऊन गाऊन गेल्या. तुवाही होती. मग कॉफी आणि केशराचे पाव. मी तिसरा पाव घेत होतो, तेवढ्यात गुन्-ब्रिट आली आणि हळूच म्हणाली, तू सही का केली नाहीस? दोन मेल पाठवले. एक तारखेपर्यंत मुदत होती.

कसली सही? म्हणाली, जागेची.

मी म्हणालो, तूच तर नाही म्हणालीस! ती म्हणाली, मी? मी तर तुझ्या तोंडावर हो म्हणाले. मी म्हटलं, तू असं केलंस, आणि करून दाखवलं. भुवया, श्वास, सगळं.

हेनिंगने कप खाली ठेवला. म्हणाला, "तेच तर 'हो'. इकडे उत्तरेत असंच म्हणतात. मी सांगायला आलो होतो."

मी उभ्या उभ्या मनाने एकेक दिवस मागे जात राहिलो. गुन्-ब्रिट. कुंडी. मोजे. तेल. बस. साडेतीन महिने सगळं गाव मला हो म्हणत होतं. बसवाल्यापासून!

मग चार नोव्हेंबर आठवला. मी तुवाला काय सांगून बसलो ते कळलं. खोलीभर शोधली. ती झगा घडी घालून कधीच निघून गेली होती.

शेवटची आशा म्हणून गुन्-ब्रिटला विचारलं, मग माझी जागा यादीत माझ्या मागे असलेल्या एस्टोनियाच्या मुलीला दिलीस का? कायमची?

तिने माझ्याकडे बघितलं. वाईट वाटत होतं तिला, ते दिसत होतं. भुवया वर. श्वास आत.

या गावात मला बरोबर कळलेलं हे पहिलं उत्तर.

१९ डिसेंबर
उद्या निघायचं. हेनिंग बस स्टॉपवर येणार आहे, न बोलता. वीस मित्रांपैकी एक झाला. कुंडी तुवाच्या दाराशी ठेवली आणि चिठ्ठीत लिहिलं की व्होलोसला कुणीही नाही. उत्तर नाही आलं. वाजवी आहे.

२२ डिसेंबर, रविवार, व्होलोस
घरी. ऑलिव्हचं तेल हवं तेवढं. मामा येऊन गेला, खुर्ची दोन्ही बाजूंना फिरते म्हणाला. नाताळ झाला की नऊ वाजता दुकानात.

जेवताना आईने ताटात वाढता वाढता विचारलं, वूली, तिथे कुणी मुलगी होती का रे?

माझ्या भुवया आपोआप वर गेल्या. श्वास आत गेला.

"नव्हती ना? वाटलंच मला," आई म्हणाली आणि आणखी एक तुकडा मुसाका वाढला.