निळ्या फुलांचे भांडे व इतर मालमत्ता

मी, डेलफिन रूथ हॅकर्बी, वय वर्षे शेहेचाळीस, अविवाहित, व्यवसाय कादंबरीलेखन, राहणार वॉटर ओक स्ट्रीट, टॅलो क्रीक, अलाबामा, हा कागद राजीखुशीने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळचे कोणी उरलेलेही नाही. येत्या मंगळवारी, २२ ऑक्टोबर रोजी, माँटगोमेरीच्या इस्पितळात माझ्यावर शस्त्रक्रिया होणार आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक लोक त्यातून नीट उठतात. ‘बहुतेक’ हा शब्द मी रहस्यकथांमध्ये इतका वापरला आहे की तो ऐकून मला धीर येत नाही.

माझे वकील ॲमॉस टिलरी यांनी छापील नमुना दिला होता. “डेलफिन, यात फक्त नावं भरायची,” ते म्हणाले. मी तो घरी आणला, पेन उघडले आणि अर्धा तास बसून राहिले. म्हणून कोऱ्या कागदावर लिहीत आहे. इस्पितळाच्या अर्जात ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ असा रकाना होता. तिथे मी टिलरींचेच नाव घातले आहे. त्यांना ते हा कागद वाचताना कळेल. त्याबद्दल क्षमस्व.

कलम १. घर. आईकडून आलेले माझे राहते घर, व्हरांड्यातल्या दोन झुलत्या खुर्च्यांसह, विकावे आणि येणारी रक्कम गावच्या वाचनालयाला द्यावी. त्यातून मोठ्या टायपातली पुस्तके घ्यावीत. अट एवढीच, की माझी घेऊ नयेत. दोनपैकी एक खुर्ची दहा वर्षे वापरात नाही, तरी तिला तेल घातलेले आहे.

कलम २. मावसभाऊ रँडल याने अकरा वर्षांपूर्वी अक्रोडासारखे पीकन वेचायला म्हणून माझ्या दोन टोपल्या नेल्या. त्या मी त्याला देत आहे, म्हणजे त्या बाळगताना त्याला यापुढे अवघडायला नको. माझ्या पुस्तकांना तो ‘म्हाताऱ्यांच्या झोपेची गोळी’ म्हणतो. हे मी विसरलेले नाही. अर्थात ते अगदीच खोटेही नाही.

कलम ३. पुस्तके. मी सात कादंबऱ्या लिहिल्या. सगळ्या एकाच गावात घडतात. गावाचे नाव वेगळे आहे, पण पाण्याची टाकी, न्यायालयाचे बंद पडलेले घड्याळ आणि चर्चचा हॉल आमचाच आहे. या पुस्तकांत रक्त दिसत नाही. मरणारा माणूस सहसा कोणाला फारसा नको असतो, गुन्हा एक वाचनालयातली बाई आपल्या मांजरासह शोधून काढते, आणि शेवटच्या प्रकरणात सारे गाव पुन्हा एका टेबलावर जेवायला बसते. पुस्तकाच्या शेवटी एक पाककृती छापायची, ही या प्रकारातली रीत आहे. वाचक आधी तेच पान उघडतात.

सहा पुस्तकांचे हक्क वाचनालयाला. पाचवे पुस्तक पुन्हा छापू नये. प्रकाशकाने कारण विचारल्यास कलम ४ दाखवावे.

कलम ४. निळ्या फुलांचे काचेचे भांडे. हे भांडे माझे नाही. ते शेजारच्या मिस ओर्लीना मॅकस्वेन यांचे आहे. २०१४ च्या मार्चमध्ये आई गेली तेव्हा अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी त्यांनी त्यातून कोंबडी-भात आणला होता. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. गाव भांडी भरून आणते आणि प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचे नाव असते. पुढच्या काही आठवड्यांत ते भांडे परत करायचे, आणि रिकामे कधीच द्यायचे नाही.

मी ते केले नाही. आई गेल्यावर मला झोप येत नव्हती, मी पाचवे पुस्तक लिहायला घेतले, आणि ते भांडे टेबलावर समोर ठेवून लिहिले. पुस्तकात एक विधवा बाई शोकाच्या जेवणात कण्हेरीची पाने कालवते. भांड्याच्या तळावरच्या नावाने ती सापडते. मी त्या बाईचे नाव बदलले, केस बदलले, वय वीस वर्षांनी कमी केले. कण्हेर मात्र मिस ओर्लीनांच्या कुंपणाला होती. आणि शेवटी मी कोंबडी-भाताची पाककृती छापली, तीही त्यांचीच. वरून कुस्करलेली खारी बिस्किटे आणि चिमूटभर जायफळ. त्यांनी ती आईला एका कार्डावर लिहून दिली होती. मी विचारले नाही. सबंध गावात कोंबडी-भातात जायफळ घालणारी बाई एकच आहे, हे मला सुचले नाही, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आले.

२०१५ च्या उन्हाळ्यात पुस्तक आले. ऑक्टोबरमध्ये चर्चचे वार्षिक जेवण होते. मिस ओर्लीनांनी आपले दुसरे भांडे टेबलावर ठेवले. कॉर्डेलिया येन्सीबाई, ज्या आमचे वाचनमंडळ चालवतात, मोठ्याने म्हणाल्या, “ओर्लीना, आधी तू खा बाई, मग आम्ही!” हॉल हसला. कोणी वाईट मनाने हसले नाही. पण मग प्रत्येकाची ताटली त्या भांड्याच्या बाजूने पुढे गेली, कारण पहिला चमचा घेणारा पुन्हा हसण्याचा विषय होणार होता. जेवण संपले तेव्हा ते भांडे जसे आले तसे भरलेले होते. मिस ओर्लीनांनी फॉइल पुन्हा नीट लावली, कडा दाबल्या आणि त्या घरी गेल्या. आमच्याकडे यापेक्षा मोठा अपमान नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कण्हेर मुळापासून तोडली. नऊ वर्षांत त्यांनी कोणाच्याही मयताला भांडे नेलेले नाही. पोस्टाने कार्ड पाठवतात.

येन्सीबाईंवर मी पुष्कळ वर्षे राग धरला. तो सोयीचा होता. त्या फक्त मी लिहिलेले मोठ्याने बोलल्या.

कलम ५. मांजर, नाव डेप्युटी. हा रोज संध्याकाळी कुंपणावरून मिस ओर्लीनांकडे जातो आणि परत येतो तेव्हा त्याच्या मिशांना कोंबडीचा आणि जायफळाचा वास असतो. त्यावरून मला कळते की त्या अजून रांधतात. माझ्यामागे तो ज्या घरी राहील त्या घराचा.

कलम ६. रोजनिशी. सव्वीस वह्या. २०१४ ची वगळून बाकी जाळाव्यात. त्या वहीत ९ एप्रिलच्या पानावर हे आहे: “मिस ओ.चे भांडे. तळाशी चिकटपट्टी. हे वापरता येईल. जायफळही. तिला कळणार नाही.” म्हणजे मला सुचले होते. पुस्तक आल्यावर वर्तमानपत्राच्या माणसाला मी सांगितले की सारी पात्रे काल्पनिक आहेत. तेव्हा ही वही माझ्या टेबलात, दोन खणांपलीकडे होती.

कलम ७. माझ्या अंत्यविधीनंतर, जेवणापूर्वी, टिलरींनी हॉलमध्ये कलम ४ आणि वहीतले ते पान मोठ्याने वाचावे. निळ्या फुलांचे भांडे, वही आणि डेप्युटी मिस ओर्लीना यांना मिळावेत.

(बुधवार. कलम ७ रद्द. रात्रभर विचार केला. त्या हॉलमध्ये त्यांना पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरेसमोर बसवायचे, आणि मी मात्र शवपेटीत सुरक्षित. माझ्या पुस्तकांत गुन्हेगार शेवटी सगळ्यांसमोर बोलतो आणि वाचकाला बरे वाटते. मला तेच हवे होते. शिवाय टिलरी म्हणाले, “साक्षीदार दोन लागतील. एक मी. दुसरा असा बघ, ज्याला यातून काही मिळत नाही.” मी गावातल्या माणसांची यादी मनात काढली. त्यांनी आपल्या कारकुनाचे नाव सुचवले. मी म्हणाले, एका दिवसाची मुदत द्या.)

कलम ८. गुरुवारी काय झाले ते इथे लिहीत आहे, कारण त्यामुळे मालमत्तेची यादी बदलली.

सकाळी मी त्या पाककृतीने कोंबडी-भात केला. मला स्वयंपाक येत नाही. माझ्या पुस्तकांच्या वाचकांना हे सांगू नये. दुपारी निळ्या फुलांचे भांडे घेऊन मी मिस ओर्लीनांच्या मागच्या दाराशी गेले. त्यांनी जाळीचे दार उघडले, पण वाट सोडली नाही. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अजून ताठ उभ्या राहतात.

“तुमचं भांडं आणलंय, मिस ओर्लीना.”

त्यांनी ते किंचित उचलून तळाची पट्टी पाहिली. “दहा वर्षं. वाचनालयसुद्धा एवढी मुदत देत नाही.”

“रिकामं नाही आणलं.”

“वजनावरून कळतंय. काय आहे?”

“कोंबडी-भात.”

“पुस्तकातला की माझा?”

“एकच आहे ना तो. तेच तर.”

फॉइलचा कोपरा उचलून त्यांनी वास घेतला. “जायफळ जास्त झालंय.”

“चिमूटभरच घातलं.”

“माझी चिमूट आणि तुझी चिमूट एक नाही, पोरी. छापण्याआधी विचारलं असतंस, तर सांगितलं असतं.”

मी पाठ करून आणलेले सारे विसरले. एवढेच म्हणाले, “त्या दिवशी हॉलमध्ये मीही हसले होते.”

“ठाऊक आहे. कॉर्डेलियाचं हसणं मला शाळेपासून पाठ आहे. तुझं त्यात नवीन होतं, म्हणून वेगळं ऐकू आलं.”

“मला माफी मागायची...”

“मंगळवारी पोटाचं ऑपरेशन आहे म्हणून आलीस?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मी या गावात राहते. ऑपरेशन नसतं तर आली असतीस?”

मी विचार केला. “बहुतेक नाही.”

“बरं. निदान खरं बोललीस. तुझ्या पुस्तकातली ती बाई शेवटी रडते, ते मला मुळीच पटलं नाही. मी नव्हते रडले.”

“तुम्ही वाचलंत?”

“दोनदा. एकदा खून कोणी केला ते बघायला. एकदा मी कुठे आहे ते बघायला.”

मग मी साक्षीदाराचे सांगितले, आणि हेही की सही केली तर त्यांना माझ्याकडून काही घेता येणार नाही.

“काय देणार होतीस?”

“हे भांडं. एक वही. आणि डेप्युटी.”

“भांडं माझंच आहे. मांजर आपलं आपण ठरवेल. वहीत काय आहे?”

मी सांगितले, शब्द न शब्द. तिला कळणार नाही, इथपर्यंत. त्यांनी माझ्या खांद्यामागे पाहिले. तिथे कुंपणाशी तोडलेल्या कण्हेरीला फूटभर फुटवे आले आहेत.

“घेणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव खोड,” त्या म्हणाल्या. “मी तुला माफ केलेलं नाही. सही करायची की नाही ते सकाळी बघेन.”

त्यांनी मला आत बोलावले नाही. भांडे मात्र घेतले आणि दार लावले. माझ्या स्वयंपाकघरातून त्यांचा दिवा दिसतो. तो नेहमीपेक्षा उशिरा मालवला. त्या जेवल्या, की भात मागच्या कचऱ्यात टाकला, हे मला माहीत नाही. या कलमान्वये भांडे माझ्या मालमत्तेतून वगळले. २०१४ ची वही वाचनालयाला द्यावी आणि मागेल त्याला दाखवावी.

कलम ९. अंत्यविधी. भाषणे नकोत. मिस ओर्लीना यांना भांडे आणण्याचा कोणी आग्रह करू नये. त्यांनी आपणहून आणलेच, तर ते टेबलाच्या मधोमध ठेवावे, आणि पहिला चमचा येन्सीबाईंनी घ्यावा. त्यांनी हसत घेतला तरी चालेल. घ्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी टिलरी यांनी करावी. मी बरी होऊन परत आले, तर हा कागद त्यांच्या तिजोरीत राहील आणि मला रोज कुंपणापलीकडे पाहावे लागेल. खरे सांगायचे तर मला जास्त भीती त्याची वाटते, आणि तरी मला तेच हवे आहे.

स्थळ: टॅलो क्रीक, टिलरी यांचे कार्यालय. शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४, सकाळी साडेदहा.

सही: डेलफिन रूथ हॅकर्बी

साक्षीदार पहिला: ॲमॉस टिलरी, वकील. माझ्यासमोर सही झाली. रकान्यातले नाव वाचले. राहू दे.

साक्षीदार दुसरी, स्वहस्ते: ओर्लीना मे मॅकस्वेन, शेजारीण. मिस्टर टिलरी म्हणतात की सही करताना हिची बुद्धी ठिकाणावर होती एवढंच मी सांगायचं. होती. आज होती आणि दहा वर्षांपूर्वी ते पुस्तक लिहिलं तेव्हाही होती. जायफळ फारच जास्त होतं. भांडं रिकामं झालं.