अक्कांची केस

मंगळ., ३ फेब्रु.
क्लास. विषय 'वाईट बातमी सांगणे'. पेशंट नेहमीप्रमाणे सुमनअक्का. निवृत्त शिक्षिका, हौशी नाटकवाल्या, तीन पिढ्या बेंगळुरूत. आमच्या मेडिकलच्या पोरांसमोर खोटा पेशंट व्हायला येतात आणि खऱ्यापेक्षा जास्त छळतात. आज निखिलची पाळी. त्याने खुर्ची जवळ ओढली, टिश्यूचा डबा पुढे सरकवला, घसा साफ केला. अक्का त्याला बोलूच देईनात. नंतर वर्गाला म्हणाल्या, "खुर्ची ओढली तिथंच कळलं मला. चांगलं सांगायचं असलं की डॉक्टर उभ्या उभ्याच सांगतात." पोरं हसली. मीही.

जाताना हळूच, "वैशाली, स्वल्प, जरा तपासून बघ गं. जेवण जाईना झालंय. ब्लाऊज सगळे सैल." उद्याच स्कॅनला पाठवतेय.

गुरु., ५
पॅनक्रियाजमध्ये गाठ. लिव्हरमध्येही. रिपोर्ट दोनदा वाचला, पुन्हा वाचवेना.

फाइलवर मोबाइल नंबर मुलाचा, प्रसादचा. त्यामुळे रिपोर्ट आधी त्याच्या फोनवर. मारतहळ्ळीहून ऑफिस सोडून तडक आला. "मॅडम, आईला सांगायचं नाही. ती हाय खाईल." मी म्हटलं, रिपोर्ट त्यांचा आहे. तर म्हणे, "तुमच्याकडे असे रोज येतात. मला आई एकच आहे." थोडे दिवस द्या म्हणाला. दिले. द्यायला नको होते.

शनि., ७
अक्कांची बायॉप्सी. मी म्हटलं, "आत सूज दिसतेय, तुकडा तपासायला घेतोय." खोटं नाही, पण खरंही नाही.

"सरी," म्हणाल्या, आपलं कन्नड 'बरं'. बस्स. जी बाई प्रश्न विचारून विचारून माझ्या पोरांना घाम फोडते, तिने मला एकही विचारला नाही. भीती वाटली मला. घरी येऊन उगाच मुलीवर खेकसले.

मंगळ., १०
आज क्लासला येऊ नका, विश्रांती घ्या, असा सकाळी फोन केला. आल्याच. अबोली साडी, पिना लावून घट्ट नेसलेली. मी घाईघाईत केस बदलली. कॅन्सरऐवजी 'चिडलेला नातेवाईक'.

"माझी केस का बदललीस?" सगळ्यांसमोर.
"तेच तेच होतंय, अक्का."
"इतकी वर्षं तेच तर होतंय."

पोरं आमच्याकडे टकामका बघतायत. तेवढ्यात निखिलला आजच शहाणपण सुचावं: "मॅम, नातेवाईक म्हणाले पेशंटला सांगू नका, तर?" उत्तर मला तोंडपाठ. आधी पेशंटलाच विचारा, त्यांना किती जाणून घ्यायचंय. सांगताना अक्कांकडे बघवेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढची स्लाइड लावली.

बुध., ११
बायॉप्सीही तेच म्हणतेय. प्रसादला कँटीनमध्ये गाठलं. आवाज न चढवता भांडलो, त्यामुळे जास्त लागलं. त्यांना काय सांगून केमो देऊ? सही कुणाची घेऊ? "तुमच्या क्लासमध्ये हे सगळं ठीक आहे हो," म्हणाला. शेवटी डोसा तसाच टाकून उठला. "तिने स्वतः विचारलं तर सांगा. नाहीतर नाही."

मानलं मी. त्यांनी विचारावं असं वाटतंय आणि विचारू नये असंही. राग येतोय. प्रसादचा कमी, माझाच जास्त.

शुक्र., १३
अक्का ओपीडीत. प्रसाद बाहेर बाकावर. टिश्यूचा डबा मी सकाळीच खणात टाकलेला. खुर्ची टेबलापलीकडे. शिकवते त्यातलं एकही करायचं नाही असं ठरवलेलं, नाहीतर दारातच कळेल त्यांना.

त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. "डबा कुठं गेला?" मग उठल्या. आपली खुर्ची ओढत माझ्या बाजूला आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. पर्स मांडीवर ठेवली. आणि मी वर्गात शिकवते ते पहिलं वाक्य, अगदी माझ्याच आवाजात: "आत्तापर्यंत तुम्हाला काय काय कळलंय, ते सांगा."

विचारलं त्यांनी. सांगितलं मी. सगळं. अडखळत, निखिलपेक्षा वाईट. मध्येच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर खण उघडून डबा त्यांनीच काढून दिला. त्या रडल्या नाहीत.

मग, "प्रसादला ठाऊक आहे होय ना? बोलव त्याला आत. एकटाच बसलाय बाहेर."

तो आल्यावर काय झालं ते आज लिहवत नाही.

निघताना दारात थांबल्या. "मंगळवारी माझीच केस घे. कॅन्सरचीच. निखिलला बसव समोर. या खेपेला मी पाठ केलेलं काही बोलणार नाही." आणि जरा थांबून, "पण हे खरं आहे म्हणून पोरांना सांगायचं नाही. घाबरतील."

मी सरी म्हटलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. मंगळवारचं वेळापत्रक उद्या लावायचंय. केसची जागा अजून कोरी ठेवलीय.