सगळ्यांचा अल्बम

३ जून, दुमागेते

नवी नोकरी, नवं भाड्याचं घर आणि खिडकीतून समुद्र! लिगाया पोचल्यापासून अंगणात उड्या मारतेय. पाच वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं? तिचा बाप बोटीवर, वर्षातून एकदा उगवतो. म्हणजे तिला मीच आणि मला तीच.

काम घरूनच करायचं. कंपनी पर्यटकांना बेटांवरची घरं भाड्याने देते. आम्ही वेगवेगळ्या बेटांवर बसून त्या घरांचे फोटो काढतो आणि एकमेकांना चॅटवर पाठवतो. तिथे ते पार पुसट होतात, वर कुठला फोटो कुणाचा याचा पत्ता नाही. म्हणून माझं पहिलं काम म्हणजे सगळ्यांचे फोटो एकाच जागी राहतील अशी ऑनलाइन सोय निवडणं. आमच्या प्रमुख लुर्देसताईंनी बजावलंय की महिनाअखेर सोय चालू झाली तर नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता. होईल की! त्यात काय मोठंसं?

माझ्या जागी आधी नोएमी होती. कामिगिन बेटावर आजारी पडून आहे बिचारी.

६ जून

नोएमी गेली. ताई सांगत होत्या, मूल व्हावं म्हणून फार तळमळली, एकही चर्च सोडलं नाही. तिच्या घरचं मर्तिकाचं जागरण आम्हाला ऑनलाइन दाखवलं. शवपेटीभोवती नातेवाईक रांगेने फोटो काढून घेत होते. मी लिगायाला मांडीवर घेऊन टेबलाशी बसून पाहिलं. नोएमीचा हसरा फोटो पाहून लिगायाने हात हलवला.

संपल्यावर बोहोल बेटावरून काम करणाऱ्या आमच्या रामिलदादाने सगळ्यांना दटावलं. म्हणे, ऑनलाइन असलं म्हणून काय झालं, पगपग करा! मर्तिकाहून थेट घरी येऊ नये, वाटेत कुठेतरी टेकावं, म्हणजे गेलेलं माणूस मागोमाग घरात येत नाही. सगळे खरंच उठून बेकरीत नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले, वर तिथले फोटो टाकले. मला हसू आवरेना. अहो, मी घरातून हललेच नाही, तर परतणार कुठून? लॅपटॉप मिटला आणि भात टाकला.

१० जून

दोन सोयी पाहिल्या. एक अगदीच ठोकळेबाज. दुसरी मात्र कमाल आहे, चेहरे ओळखून प्रत्येकाचे फोटो आपोआप वेगळे लावते. नाव एकदा सांगितलं की झालं. करून बघायला सगळ्यांकडे असलेले फोटो हवे होते, ते जागरणाचेच निघाले, स्क्रीनवरून टिपलेले. तेच चढवले, शिवाय माझ्या फोनमधले आम्हा मायलेकींचे.

रामिलदादा वैतागला. म्हणाला, अगं मारिविक, मर्तिकातून लोक बिस्किटसुद्धा घरी आणत नाहीत, तू तर अख्खं मर्तिक आणलंस! मी म्हटलं, आजोबा, गप्प बसा आता. तीच सोय पक्की केली. आता सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप तिथे चढतात.

१४ जून

गंमतच आहे. नोएमीच्या फोटोंत आज लिगायाचा एक फोटो दिसला. कालचा, अंगणातला. पोरीशिवाय त्यात कुणी नाही, पण मागच्या पपईच्या झाडापाशी चौकट काढून खाली नोएमीचं नाव. ताई म्हणाल्या, यंत्रच ते, चुकतं, पुसून टाक. पुसलं.

१७ जून

नाव परत आलं. चौकट आता झाडापाशी नाही, दारात आहे. आजच्या फोटोत तर लिगायाच्या खुर्चीमागे. मोठा करून पाहिला, चौकटीत नुसता पडदा. पण लिगाया कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. मान वर करून हसतेय, कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघावं तशी.

मला भीती वाटतेय. खोटं कशाला लिहू?

१८ जून

रामिलदादाला फोन केला. त्याने चेष्टा केली नाही. म्हणाला, पोरीला घेऊन बाजारात जा, गर्दीत थांब, नोएमीला तिथेच सोडून ये.

गेलो. थांबलो. परत निघालो. लिगायाचा एक हात माझ्या हातात. दुसरा वर उचललेला, मूठ घट्ट — कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. घरापर्यंत तशीच चालली.

१९ जून

सगळे फोटो पुसले. जेवून उठते तो सगळे हजर. प्रत्येकाच्या फोनवर होतेच ना — तिथून परत आले. ताईंना हात जोडले, सोय बंद करा. म्हणाल्या, खुळी की काय, सगळे खूश आहेत —

२० जून

यंत्र विचारतं, या दोघी एकच आहेत का? एक मी. एक ती.

नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. नाही! मग विचारायचं थांबलं — कुणीतरी हो म्हटलं होतं.

नवा अल्बम आपोआप तयार झालाय. 'लिगाया आणि आई'. माझ्या बाळंतपणातला फोटो, बाप्तिस्म्याचा, कालचा — लिगाया तीच. कडेवर घेणारी मी नाही.

ताईंचा निरोप आलाय. नोकरी पक्की. शाब्बास, नोएमी.

२१ जून

लिगायाला हाक मारली. बघेना. समोर जाऊन उभी राहिले तर माझ्यातून पलीकडे — दाराकडे —

स्वयंपाकघरात भात शिजल्याचा वास येतोय. मी टाकलेला नाही. आतून तिला जेवायला बोलावतायत. माझाच आवाज —

आले आई, म्हणाली. धावली. बाळा, थांब, इकडे बघ, आई इथे आहे, मी तुझी —