तीस डिसेंबरचा फोन

२१ डिसेंबर, सकाळी ७.१०
रेडिओवरची माझी पाच मिनिटं, 'आजच्या दिवशी', झकास झाली. १९१३: जगातलं पहिलं शब्दकोडं छापून आलं. वर स्वरचित सुभाषित: 'कोडं सुटत नसेल तर पेन्सिल बदला.' सामोआची अख्खी राजधानी, आपिया, हसली असणार. इथे स्टुडिओत ऐकू येत नाही, एवढंच.

२३ डिसेंबर
स्टेशनप्रमुख मतालेनाबाई म्हणाल्या, चार वर्षांत एक फोन आलेला नाही. महिनाअखेर एखादा तरी येऊ दे, नाहीतर तुझी पाच मिनिटं मासळीच्या डब्यांच्या जाहिरातीला.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून तयारी.

२४ डिसेंबर
सहा चाळीसला उठलो. उद्या नाताळ आहे.

२८ डिसेंबर
१८९५: पॅरिसात तिकीट लावून सिनेमा दाखवला. सुभाषित: 'अंधारात बसवून पैसे घेणारा तो शहाणा.' फोन नाही. कंटाळा आला आहे. श्रोते नाताळाच्या जेवणावरून अजून उठले नसावेत.

२९ डिसेंबर, संध्याकाळ
हुकमी पान सापडलं! उद्या माझ्या लग्नाचा वाढदिवस. पत्रिका भिंतीवर फ्रेममध्ये आहे: ३० डिसेंबर २०११. थेट इतिहासातच घालतो. बायको लांगी मात्र सकाळपासून घुश्शात. कोकोचा कप आपटून ठेवला. कारण विचारायला वेळ नाही.

३० डिसेंबर, सकाळी ८
१९२२: सोव्हिएत संघ स्थापन. २०११: सामोआत एक संस्मरणीय विवाह. सुभाषित: 'संघ मोडतात, संसार टिकतात.'
फोन! एकोणतीस फोन! अठ्ठावीस जणांचं म्हणणं एकच: अरे बाबा, त्या वर्षी सरकारने देश तारीखरेषेपलीकडे नेला. आपण २९ ला झोपलो, ३१ ला उठलो. ३० उगवलीच नाही. मग तू लग्न केलंस कधी?
एकोणतिसावा लांगीचा. तोही थेट प्रसारित झाला. म्हणाली, सहा महिने सगळा देश ओरडत होता, तरी यांनी पत्रिकेवर ३० छापली. मग २९ लाच उरकलं. डुक्कर अर्धं कच्चं, माझे ऑकलंडचे भाऊ लग्न लागल्यावर केक घेऊन हजर. जो दिवस नव्हता तो यांना पाठ आहे, जो होता तो काल गेला.
आपटलेला कप आठवला. फार वाईट वाटलं.

३१ डिसेंबर
मतालेनाबाई खूश. पाच मिनिटं वाचली. उद्यापासून लांगी सादर करणार. तिचं वाक्य म्हणे गावभर झालं आहे.
मला मासळीच्या डब्यांची जाहिरात. अनुभवी आवाज लागतो तिला. डब्यावरची तारीख तेवढी मतालेनाबाई स्वतः वाचणार आहेत.