ब्राउझर बदलला, काही सांडलं नाही

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.
आजचं चित्र जुळवलं. जहाजाचं होतं. वर निळं आभाळ, खाली निळं पाणी, कुठला तुकडा कुठला कळता कळेना. पण जुळलं. ओळीने २९६ दिवस झाले. एक दिवस चुकला की आकडा परत शून्यावर, असा त्या खेळाचा नियम. वन्सं माझ्या तीन दिवस मागे आहेत. आधी तीनशेला पोचेल ती जिंकली. हरणारीने सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहायचं, ‘ही माझ्यापेक्षा हुशार.’ मी वाटच बघतेय.

दुपारी १२.
कॉम्प्युटरवर पिवळी पट्टी आली. ब्राउझर जुना झाला, शुक्रवारपासून खेळ यात उघडणार नाही, अपग्रेड करा. माझे २९६ दिवस त्याच ब्राउझरच्या पोटात! सूनबाई म्हणाली, एक बटण दाबा आई, काही जात नाही. मी तीन घरं बदलली. दर वेळी सगळे म्हणाले, काही जात नाही, आणि दर वेळी गाळणी गेली.
ठरवलं. मीच करणार, पद्धतशीर. शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर अजून वळणदार आहे. सगळं वहीत उतरवून घेणार.

मंगळवार, ४ मार्च.
चित्र झालं. २९७.
बुकमार्क ४३ निघाले. एकेक पत्ता अक्षर न् अक्षर उतरवला. त्यातले नऊ एकाच स्वेटरच्या गळ्याचे. गळा अजून झालेला नाही, तो विषय वेगळा.

बुधवार, ५ मार्च.
चित्र झालं. २९८.
आज पासवर्ड. ते सगळे ठिपक्यांचे निघाले. कुठे आठ, कुठे अकरा. मोजून उतरवले. ह्यांनी वहीत डोकावून विचारलं, मुंग्या कशाला काढल्यास? म्हटलं, गुप्त आहे, बघू नका.
अक्षरांचा आकार दीडशे टक्के, तेही लिहिलं. हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ७.
आज बदलायचा. जुन्या ब्राउझरला आता हात लावायचा नाही, सामान बांधल्यावर पेटी परत उघडू नये. चित्र नंतर, नव्या ब्राउझरमध्ये, निवांत.

१०.४०.
बटण दाबलं. डोळे मिटून सूनबाईचा हात धरला. तिची ऑफिसची मीटिंग चालू होती. मीसुद्धा दिसले म्हणे त्या लोकांना. बरं झालं, साडी चांगली होती.

१०.४२.
झालं. खेळ उघडला. २९८, जागच्या जागी! भरून आलं मला.

संध्याकाळी ६.
वहीशी ताळा केला. ४३ च्या ४३. ठिपकेसुद्धा तेवढेच. दुपारी जेवायचं राहिलं. मग धाकट्या बहिणीला, शेजारणीला आणि शिंपीणबाईंना फोन करून अपग्रेड कसं करतात ते समजावलं. शिंपीणबाईंकडे कॉम्प्युटर नाही, पण माहीत असावं.
शेवटी वन्संना. त्या म्हणाल्या, आजच्या बदकाने फार छळलं, सगळे तुकडे पांढरे. म्हटलं, बदकाचं राहू द्या, आधी माझं ऐका. पहिल्यापासून सांगितलं, पाऊण तास. मध्ये दोनदा त्या परत बदकावर आल्या. कौतुक करवत नाही काही माणसांना, विषय बदलतात.
आता जेवून आडवी होते. एवढी थकले तरी मन कसं हलकं आहे.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ८.
खेळात शून्य आहे.

८.१०.
सूनबाईला म्हटलं, बघ, अपग्रेडने गिळलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. “आई, काल चित्र कधी जुळवलंत?”
बदक.

९.
वन्संचा फोन आला. “वहिनी, त्या भानगडीत काही हरवलं नाही ना?”
नाही म्हटलं. खरंच नाही हरवलं.
सोमवारी त्यांचे तीनशे होतील. ग्रुपवरचं वाक्य आत्ताच वहीत लिहून ठेवलं, मुंग्यांच्या खाली.
बाकी काम मात्र चोख झालं, हे मीच म्हणायला हवं. अक्षरांचा आकारही दीडशे टक्केच राहिला. शून्य पलंगावरूनसुद्धा स्वच्छ दिसतं.