अंडं येईपर्यंत

१८ फेब्रुवारी

रुचिरने कोंबड्या आणल्या! चार! माझ्या पोटच्या पोराने!

इथे परदेशात, मरीन परेडला, अंगणाचं घर भाड्याने घेतलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मला वाटलं तुळस लावेल. तर म्हणतो, "आई, तुला इथे करमत नाही ना, म्हणून आणल्या." म्हणजे दोष माझाच.

डोंबिवलीत पस्तीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात अंडं शिरलं नाही. ह्यांना ऑम्लेट हवं असलं की गॅलरीत, वेगळा स्टोव्ह, वेगळा तवा. बिचारे तिथे उभ्यानेच खायचे. इथे आल्या आल्या मी तोच कायदा केला. अंडी, कोळंबी, काय ते पोर्चमधल्या छोट्या फ्रिजात. त्या फ्रिजाला मी हात लावत नाही.

आणि आता दाणापाणी माझ्याकडे!

२१ फेब्रुवारी

रुचिरने तक्ता केलाय. एच-वन ते एच-फोर. वजन, खाणं, "अपेक्षित उत्पादन". ऑफिसात माणसांचंही असंच करत असणार. वल्लरीने त्यात दोन चुका काढल्या. सूनबाई ऑडिटर आहेत, चूक सापडली नाही तर त्यांना जेवण जात नाही.

नातीने, आर्याने, एकीचं नाव नगेट ठेवलं. नऊ वर्षांच्या पोरीला काय बोलणार! उरलेल्या तिघींना मी मनातल्या मनात माझ्या नणंदांची नावं दिली. कुसुम, प्रभा, शकू. कुसुम बाकीच्यांना ढकलून आधी खाते. माझी लग्नानंतरची पहिली दिवाळी अशीच गेली होती.

३ मार्च

जेवताना रुचिर म्हणाला, "आई, आता इथेच राहा. कायमची." मी वल्लरीकडे बघितलं. ती ताटात बघत होती. एक शब्द नाही! "हो, राहा ना" म्हणायला काय जातं?

मला राग आला. म्हटलं, "पहिलं अंडं बघेन आणि जाईन."

रुचिरने विचारलं, नक्की? मी म्हटलं, दिलेला शब्द मी फिरवत नाही. झालं.

४ मार्च

काल तसं बोलायला नको होतं.

२३ मार्च

ह्या अजून तलंगा आहेत. म्हणजे वयात आलेल्या, पण अंड्यावर न आलेल्या. पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की घालतील म्हणे. रुचिर दर रविवारी खुराड्यापुढे खुर्ची टाकून आढावा घेतो. कोंबड्या त्याच्या बुटांवर घाण करतात. ऑफिसातल्या लोकांना हे दाखवायला हवं, त्यांना फार बरं वाटेल.

वल्लरी रोज संध्याकाळी आली की पर्स ठेवायच्या आधी विचारते, "आलं का अंडं?" रोज! माझं तिकीटही तिनेच बघून ठेवलं असेल.

२२ एप्रिल

नवीनच! वल्लरी आता घरून काम करते. लॅपटॉप घेऊन मागच्या दारी बसते, खुराड्यापासून चार पावलांवर. आणि माझी पूजा नऊ ते दहा, नेमकी तेवढ्या वेळात खुराडं साफ करते. स्वतः! हातमोजे घालून! एरवी झुरळ दिसलं तर सोफ्यावर चढणारी बाई.

एवढी घाई? मी काय तिच्या डोक्यावर बसले आहे?

२ मे

शकू सकाळी अर्धा तास कोकलत होती. पूजेत लक्ष लागेना. बाहेर येऊन बघते तो काही नाही. खुराडं लख्ख, वल्लरी फोनवर मीटिंगमध्ये. खऱ्या शकूवन्संही अशाच, काही झालं नाही तरी गाव गोळा करायच्या.

९ मे

अजून शून्य. रुचिरने खाणं बदललं, शिंपल्यांचा चुरा आणला, आता म्हणतो चौघींना "शेवटची संधी" देऊ. आर्या म्हणाली, "पापा, यू कॅनॉट फायर चिकन ला." इथल्या पोरांच्या बोलण्यात शेवटी हा "ला" असतोच.

माझा इथे राहायचा पास जूनमध्ये संपतो. नव्या पासाचा फॉर्म टेबलावर पडलाय. मी त्यावर वर्तमानपत्र ठेवते. वल्लरी ते उचलते. मी पुन्हा ठेवते.

खरं लिहू? रोज संध्याकाळी "नाही आलं" म्हणताना मला बरं वाटतं. डोंबिवलीत काय आहे? कुलूप. आणि आत ह्यांचा फोटो, त्याला हार घालायला शेजारणीकडे किल्ली. पण राहते म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? सुनेने एकदाही म्हटलेलं नाही.

१६ मे

आर्या तिच्या पायाने ढकलायच्या स्कूटरवरून पडली. गुडघा टम्म! घरात आम्ही दोघीच. वल्लरी क्लायंटकडे गेलेली. आतल्या फ्रिजात बर्फ नाही. मग काय, पोर्चमधला उघडला. देवा, माफ कर म्हटलं आणि उघडला.

दारातच अंडी. छोटी, तपकिरी, नऊ. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. आठ ह्या आठवड्यातली. नववं कोपऱ्यात, एका वाटीत, कापसावर वेगळं ठेवलेलं. १९ एप्रिल.

आर्याला विचारलं. गुडघ्यावर बर्फ धरून तिने सगळं सांगून टाकलं. रोज डब्यात तेच असतं म्हणे. "मम्मी सेड डोन्ट टेल आज्जी. टेल ऑलरेडी, आज्जी गो होम." म्हणजे सांगितलं की आज्जी घरी जाणार.

मग रुचिर मला राहा म्हणाला त्या दिवशी तुझी मम्मी गप्प का बसली, बाई? त्यावर आर्या म्हणाली, मम्मीला वाटतं तू तिच्यावर चिडतेस.

चिडतेच की. तीन महिने ह्या वहीत दुसरं काय केलं मी?

एक महिना कोंबड्यांच्या मागे हातमोजे घालून फिरली! आणि लपवलेल्या अंड्यांवर तारखा! ऑडिटरच शेवटी. रुचिरच्या तक्त्यात अजून शून्यच. आर्याला म्हटलं, मी फ्रिज उघडला हे मम्मीला सांगायचं नाही. ती म्हणाली, आता माझ्याकडे दोन सिक्रेट झाली.

रात्री फॉर्मवरचं वर्तमानपत्र मी काढलं.

१७ मे

पूजा आज दहा मिनिटांत आटोपली. वल्लरीची मीटिंग चालू होती. खुराड्यात हात घातला. कुसुमचं होतं. कोमट. जन्मात पहिल्यांदा अंडं हातात धरलं. आर्याच्या पेन्सिलीने तारीख घातली, मराठी आकड्यांत, आणि पोर्चमधल्या फ्रिजात तिच्या अंड्यांशेजारी ठेवलं.

संध्याकाळी वल्लरी पोर्चमधून आत आली. डोळे लाल. मग म्हणाली, "आई, आलं का अंडं?"

म्हटलं, "नाही गं. अजून वेळ आहे."