देव्हाऱ्यातला शिक्क्याचा कागद

दादा,

आज दुपारी म्युनिसिपालिटीचे लोक आपली नवी ओसरी पाडाले येतील. कारकून म्हणून पंचनामा मलेच लिहा लागते. तेव्हा मले हाक मारू नका.

प्रेसिडेंटसाहेबांनी तोंडी हो म्हटलं होतं, पण परवानगीचा अधिकार आता ओव्हरसिअरले दिला आहे. त्यानं नाही म्हटलं. त्याच्या नकाराची अन् ओसरी पाडाची नोटीस महिन्याआधी मीच घरी आणली. तुमच्या हाती द्यायची हिंमत झाली नाही, म्हणून आईजवळ दिली. शिक्का पाहून तिले वाटलं, ओव्हरसिअरची परवानगीच आली. तिनं कुंकू लावून कागद देव्हाऱ्यात ठेवला, अन् मी पाहत राह्यलो. अपिलाची मुदत काल सरली.

आईले आधीच आत न्या. मी निघताना ती म्हणे, "त्या ओव्हरसिअरले एकदा जेवाले घेऊन ये."

नीळकंठ